रेंज नाही, ब्लूटूथ आहे: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की टॉवर नसला तरी फोनातून फोनात निरोप जाऊ शकतो. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. नावं छापत नाही, गाव-तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न (धारणी तालुका): नमस्कार भाऊ, मी उमेदची सीआरपी आहे, म्हणजे गावातल्या बचत गटांचं काम पाहते. आमच्या गावात टॉवर नाही, रेंज पाहिजे तर टेकडीवर चढा लागते. मीटिंग कधी, हप्ता कोणाचा राहिला, हे सगळं मी वर जाऊन व्हॉट्सॲपवर टाकते, पण ज्या बायांना कळायला पाहिजे त्या खाली घरी. ब्लूटूथवर ग्रुप चालते म्हणे इंटरनेट नसून. खरं आहे का?

उत्तर: खरं आहे ताई, पण व्हॉट्सॲपवर नाही. व्हॉट्सॲपचा मेसेज पहिले कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि मग समोरच्याकडे, मग तुम्ही दोघी एकाच ओट्यावर बसलेल्या का असेना. नुसत्या ब्लूटूथवर चालणाऱ्या ॲपात मधात सर्व्हरच नसतो. तुमची पोस्ट तुमच्याच फोनात राहते आणि तेच ॲप असलेला दुसरा फोन जवळ आला की दोन्ही फोन एकमेकांना विचारतात, तुझ्याकडे कुठवर आलं, माझ्याकडे इथवर आहे, जे नाही ते घे. मग ती बाई दुसऱ्या गावाला गेली की तिथल्या फोनाला तेच देते. पहिले लोक एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी द्यायचे ना, तसंच, फक्त इथे कंडक्टरजवळही चिठ्ठीची एक प्रत राहते आणि तो ज्याला ज्याला भेटला त्याच्याजवळही.

ही पद्धत वापरणारी एक सिस्टीम आहे स्कटलबट नावाची, न्यूझीलंडच्या डॉमिनिक टार नावाच्या प्रोग्रामरनं काढलेली, तो शिडाच्या होडीवर राहायचा आणि समुद्रात कुठलं आलं इंटरनेट! तिच्यावर चालणारं मॅनीव्हर्स हे ॲप एकाच वायफायवर आलेल्या फोनांना आपसात जोडून देतं, म्हणजे एकीनं हॉटस्पॉट लावला की बाकीच्यांचे फोन त्याला जोडायचे, डेटा पॅक संपलेला असला तरी बहुतेक फोनांत चालतं. इन्स्टॉल करायला मात्र एकदा नेट लागेल, ते धारणीला गेल्यावर उरकून घ्या.

पण खरं सांगू का, तुमच्या कामाला मी नवीन ॲप सुचवणारच नाही. पंधरा-वीस बायांच्या फोनात ॲप टाकणं, अकाउंट काढून देणं, मग रोज कोणाचं तरी बंद पडणं, यात तुमचाच जीव जाईल. फोनात रेकॉर्डर असतोच, त्यात निरोप बोला, आणि मराठीत नाही, कोरकूत बोला, कारण वाचता न येणारीलाही तो ऐकता येतो. मिनिटभराची फाइल, नाव द्या "मीटिंग १२ तारीख", मग शेअर दाबून ब्लूटूथ नाही तर क्विक शेअर. क्विक शेअर शोधायचं काम ब्लूटूथनं करतं आणि फाइल वायफायनं नेतं म्हणून पटकन होतं, दोन्ही फोन अँड्रॉइड पाहिजेत एवढंच.

आणि हे करायची जागा म्हणजे आठवडी बाजारातून परतणारी काळीपिवळी. दाटीवाटीनं बसलेल्या बाया, मांडीवर पिशव्या, तास-अर्धा तासाचा रस्ता आणि सगळे फोन हातभर अंतरावर. एकीला दिली की तिला सांगा पुढे दोघींना दे. गावात उतरेपर्यंत निम्म्या गटाकडे निरोप पोहोचलेला असतो.

साइजचं मात्र ध्यानात ठेवा. साधं ब्लूटूथ चांगलं चाललं तर सेकंदाला २ मेगाबिटच्या आसपास, म्हणजे पाव एमबी नेतं. म्हणजे आवाजाची छोटी फाइल काही सेकंदांत, रजिस्टरच्या पानाचा ३ एमबीचा फोटो १२-१५ सेकंदांत, पण ५० एमबीचा व्हिडिओ असला तर ३-४ मिनिटं दोघींनी फोन जवळच धरून बसायचं. हळदीकुंकवाचे व्हिडिओ त्यात घालू नका.

प्रश्न (भामरागड तालुका): सर, पावसाळ्यात पर्लकोटाच्या पुलावरून पाणी गेलं की आमचा संपर्क तुटते, लाइट जाते, मंग टॉवरही बंद. बिटचॅट नावाचं ॲप आलं म्हणते, ते नदीच्या अल्याड-पल्याड चालन का?

उत्तर: नाही चालणार, आणि का नाही ते सांगतो म्हणजे कोणी काही विकायला आलं तर तुम्हीच हिशोब कराल. ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक, जॅक डॉर्सी, यांनी जुलै २०२५ मध्ये बिटचॅट आणलं. नंबर लागत नाही, अकाउंट लागत नाही, आणि मेसेज एका फोनावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, जास्तीत जास्त ७ उड्या. एक उडी मोकळ्यात ३० मीटर धरली, तीही दिलदारपणे, तरी ७ उड्यांचे होतात २१० मीटर, आणि तेही मधात दर तीस मीटरवर कोणाच्या तरी खिशात तेच ॲप चालू असेल तर. पुराच्या पाण्यात फोन घेऊन कोण उभं राहणार? घरात तर आणखी कमी, जाड मातीची भिंत ब्लूटूथला अडवते आणि माणसाचं अंगही अडवतं, कारण ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात जिरते आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच.

गावातल्या गावात, शाळेत लोक जमलेत, कोणाला औषध पाहिजे, कोणाच्या घरी धान्य भिजलं, एवढ्याला बिटचॅट बरं आहे. तेही पावसाळ्याच्या आधी इन्स्टॉल करून दोन-चार जणांनी चालवून पाहिलं असेल तर, आणि पॉवरबँक भरून ठेवली असेल तर.

नदीपल्याड निरोप न्यायचा असेल तर पोलीस स्टेशनचा नाही तर वनखात्याचा वायरलेस, त्यांना जाऊन सांगा. आणि हे मी मुद्दाम लिहितोय, गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचा निरोप ब्लूटूथच्या भरवशावर कधीच सोडू नका. निरोप कधी पोहोचेल हे यात कोणीच सांगू शकत नाही, आणि पोहोचला की नाही तेही कळेलच असं नाही. तारीख जवळ असेल तर पाऊस धरायच्या आधीच आशाताईला विचारून माहेरघराचं, म्हणजे बाळंतपणाआधी दवाखान्याजवळ राहायच्या सोयीचं पाहा.

प्रश्न (पांढरकवडा): आमच्या पोट्ट्यांनी कापसाचे भाव गावात पोहोचवायला अशी सिस्टीम लावायचं ठरवलं. पण कोणी माझ्या नावानं खोटा भाव टाकला तर? अन् चुकीची पोस्ट काढता येते का?

उत्तर: पहिल्याचं उत्तर चांगलं आहे, दुसऱ्याचं नाही. स्कटलबटसारख्या पद्धतीत प्रत्येकाच्या फोनात एक गुप्त किल्ली तयार होते, आणि तुमच्या प्रत्येक पोस्टवर त्या किल्लीची डिजिटल सही बसते, शिवाय पोस्टला नंबर आणि आधीच्या पोस्टचा ठसा. मधल्या कोणी भाव ७ हजाराचा ८ हजार केला तर सही जुळत नाही आणि पुढचा फोन ती पोस्ट घेतच नाही. पण तुमचं नाव आणि फोटो लावून दुसरं अकाउंट कोणीही काढू शकतो हो, म्हणून पहिल्यांदा जोडताना समोरासमोर उभं राहून जोडा, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

काढायचं म्हणाल तर एकदा दुसऱ्याच्या फोनात गेली की ती पोस्ट तुमच्या हातात नाही. नवीन पोस्ट टाकून "कालचा भाव चुकला" सांगायचं, पण ज्याला जुनी मिळाली त्याला नवी कधी मिळेल, तो कोणाला भेटतो त्यावर आहे. म्हणून भावासोबत तारीख आणि कोणत्या बाजार समितीचा ते लिहिल्याशिवाय पोस्ट टाकूच नका, आठ दिवसांनी पोहोचलेला भाव आजचा समजून कोणी गाडी भरली तर शिव्या तुम्हालाच. आणि एकच अकाउंट दोन फोनांत चालवू नका, दोन्हीकडून वेगवेगळ्या पोस्ट गेल्या की एकाच नंबरच्या दोन पोस्ट होतात आणि बाकीचे फोन तुमचं पुढचं घ्यायचं थांबवतात. फोन हरवला आणि किल्ली जपून ठेवली नसेल तर नवं अकाउंट, दुसरा इलाज नाही.

प्रश्न (चंद्रपूर): ब्रायर ॲपबद्दल खूप चांगलं ऐकलं, ते का नाही सुचवत?

उत्तर: ॲप चांगलं आहे, ब्लूटूथवर फोरम चालतो, मेमरी कार्डावरूनही मेसेज नेता येतात. पण मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं १४ मेसेजिंग ॲप ब्लॉक केले त्यात ब्रायर होतं, म्हणून मी सुचवत नाही. फाइल पाठवायचे शेअरइट आणि झेंडर हे ॲप तर जून २०२० च्या ५९ ॲपच्या बंदीच्या यादीतच गेले, कोणी त्यांची जुनी इन्स्टॉल करायची फाइल देत असेल तर घेऊ नका.

प्रश्न (मंगरूळपीर): ब्लूटूथ चालू आहे तरी ॲपला बाजूचा फोन दिसतच नाही.

उत्तर: लोकेशन चालू करा. अँड्रॉइड १२ च्या आधीच्या फोनांत ब्लूटूथनं आजूबाजूचं शोधायला लोकेशनची परवानगी लागते, १२ पासून "जवळपासची डिव्हाइस" अशी वेगळी परवानगी आहे, ती द्या. तरी नाही झालं तर बॅटरी सेव्हर पाहा, स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागचं ॲप गुपचूप मारून टाकतात.

प्रश्न (मोर्शी): बाजारात ब्लूटूथ चालू ठेवलं तर कोणी फोनात घुसते का? परवा अनोळखी फोनावरून लग्नपत्रिका आली, उघडू का?

उत्तर: २०१७ मध्ये ब्लूबॉर्न नावाची मोठी गडबड सापडली होती, नुसतं ब्लूटूथ चालू असलं तरी फोनात घुसता यायचं. अपडेटनं ती बुजवली, पण त्याच्या आधीचा, कधीच अपडेट न झालेला फोन असेल तर काम झालं की ब्लूटूथ बंद करत जा. पत्रिकेचं म्हणाल तर फाइलच्या नावाच्या शेवटी पाहा. एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल असेल तर उघडू नका, डिलीट करा. पत्रिका फोटोत येते नाही तर पीडीएफमध्ये, ती इन्स्टॉल करा लागत नाही.