मुलगी इंग्लंडमध्ये इयर १० मध्ये आहे. जीसीएसईला (इयर ११ च्या शेवटी होणारी शालान्त परीक्षा) फाउंडेशन, म्हणजे सोप्या स्तराचं, गणित दिलं तर पुढे ए-लेव्हलला (त्यानंतरचा दोन वर्षांचा, विद्यापीठाआधीचा अभ्यासक्रम) गणित घेता येईल का?

जवळजवळ नाहीच. फाउंडेशनचे पेपर कितीही चांगले गेले तरी ५ च्या वर ग्रेड मिळत नाही (ग्रेड १ ते ९, ९ सर्वात वरचा), आणि सिक्स्थ फॉर्ममध्ये (इयर १२-१३) ए-लेव्हल गणितासाठी बहुतेक ठिकाणी ६ किंवा ७ मागतात. ही अट नुसती कागदावरची नाही. वर्गसमीकरणाचं सूत्र, करणींची आकडेमोड, बैजिक अपूर्णांक, साइन-कोसाइनचे नियम हे सगळं फक्त हायरच्या, म्हणजे वरच्या स्तराच्या, अभ्यासक्रमात आहे. ए-लेव्हलचा दोन-तृतीयांश भाग शुद्ध गणिताचा, त्यामुळे तिथे सुरुवातीपासून हेच लागतं. तिला गणितात रस असेल तर आत्ताच शिक्षकांशी बोला. कुठल्या स्तराला बसवायचं याची नोंदणी साधारण इयर ११ च्या फेब्रुवारीत होते खरी, पण न शिकवलेले धडे तेव्हा भरून निघत नाहीत. मात्र हट्टाने हायर घेऊ नका: तिथे ३ सुद्धा हुकला तर ग्रेडच मिळत नाही, आणि ४ च्या खाली राहिलं की सोळाव्या वर्षानंतरही गणिताचा अभ्यास चालू ठेवावा लागतो. ४ किंवा ५ मिळाला तर ‘कोअर मॅथ्स’ (ए-लेव्हल गणितापेक्षा छोटा, व्यवहारातल्या गणिताचा अभ्यासक्रम) बघा, शाळेत असेल तर.