जुन्या लॅपटॉपवर कोणते लिनक्स?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१६ सालचा असून त्यात सहाव्या पिढीचा इंटेल आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. त्यावर विंडोज ११ चालणार नाही, असे दुकानदार सांगतो. देवस्थानच्या जत्रेच्या पत्रिका आणि भजनी मंडळाची पदे मी त्यावर मराठीत टाइप करतो. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी संगणकप्रणाली) घ्यायचे झाल्यास त्याच्या प्रकारांपैकी उबुंटू, फेडोरा की मिंट?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. विंडोज ११ साठी मान्य असलेल्या इंटेल प्रोसेसरांची यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

आपल्या जागी मी असतो तर मिंटची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती घेतली असती. उबुंटूचा नोम नावाचा डेस्कटॉप (पडद्यावरची मांडणी) देखणा आहे, पण ब्राउझर उघडताच ४ जीबी रॅम अपुरी पडू लागते. फेडोराची प्रत्येक आवृत्ती जेमतेम तेरा महिने सांभाळली जाते. पत्रिका छापणाऱ्या माणसाने दरवर्षी ही कटकट कशाला ओढवून घ्यावी? मिंट २२ ला मात्र २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

खरी अडचण आहे ती आपल्या जुन्या फायलींची. त्या युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत) असतील तर लिबरऑफिस या लिनक्सवरील ऑफिस प्रोग्रॅममध्ये वाचता येतील, फार तर मांडणी थोडी सरकेल. पण डीटीपीच्या (संगणकावरील छपाई-मांडणीच्या) जुन्या फॉन्टमधील फायलींत मराठी अक्षरे नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अभंगाऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून विंडोज पुसण्यापूर्वी सर्व पदांच्या पीडीएफ काढून ठेवा आणि मजकूर कन्व्हर्टरने (फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने) युनिकोडमध्ये आणा. त्यानंतरही रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे स्वतः तपासावी लागतील, कारण कन्व्हर्टर नेमका तिथेच चुकतो. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की काम भागते. रोमन उच्चाराने टाइप करण्याची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्रॅम बसवावे लागतील.

मिंट पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून पाहता येते. त्या वेळी वाय-फायबरोबर प्रिंटरही जोडून एक पत्रिका छापून बघा. शक्य असल्यास हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. वेगातील फरक उबुंटू की मिंट या निवडीपेक्षा एसएसडीमुळे अधिक जाणवेल. आणि लॅपटॉपची बॅटरी थकली असेल, तर पावसाळ्यात गडगडाट सुरू असताना इन्स्टॉलेशनला हात घालू नका.