व्यायल्यावर बसलेली गाय, पाठीच्या पाण्याचा (मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी, सुईने काढून तपासतात) रिपोर्ट नॉर्मल. मग ती उठत का नाही?

नॉर्मल रिपोर्टवरून नसा ठीक आहेत असं धरू नका. कॅल्शियम कमी असेल, मांडीचे स्नायू दबले असतील किंवा वासरू ओढताना नस दुखावली असेल, तरी हे पाणी स्वच्छच येतं.

निरोगी गाईत या पाण्यात पेशी दर मायक्रोलिटरला साधारण 10 च्या आत, प्रथिनं दर 100 मिलिलिटरला 40 मिलिग्रॅमच्या आत. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खूप वाढले तर आधी जिवाणूंचा संसर्ग धरायचा. लालसर नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायला सांगा: वरचं पाणी स्वच्छ निघालं तर रक्त बहुधा सुई टोचताना आलेलं, पिवळसर राहिलं तर आधीच्या रक्तस्रावाचा संशय. रेबीजमध्येही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो; लाळ गळत असेल तर तोंडात हात घालूच नका. आणि दर तीन-चार तासांनी तिची कूस बदला, खाली जाड पेंढा ठेवा.