एलजीबी फॉर्म्युला ४ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या रेसिंग गाड्या चालवण्यात, तयार आहे. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर एलजीबी फॉर्म्युला ४ या एकआसनी, उघड्या चाकांच्या रेसिंग गाडीचा सराव करताना मात्र वळणाआधी गिअर उतरवला की गाडी मागून फिरते. असं का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला असतो, गिअर नसतातच. इथे मारुतीचं १.३ लिटरचं इंजिन, पाच गिअर आणि चारही चाकांना ब्रेक. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. नेमकं तेव्हाच आरपीएम (इंजिनचे फेरे) न वाढवता खालचा गिअर टाकून क्लच सोडला, तर इंजिन मागच्या चाकांना रोखून धरतं, ती घसरतात आणि गाडी गर्रकन फिरते.

त्याला हील-अँड-टो, म्हणजे एकाच पायाने ब्रेक धरून आरपीएम वाढवणं, शिकवा. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, दाब तसाच. पावलाच्या बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटरला छोटा झटका, आणि मग क्लच सोडायचा. झटका देताना ब्रेकवरचा दाब हलतो, बहुतेकांचं तिथेच बिनसतं. आधी पेडल तपासा. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना त्याचं पेडल ॲक्सिलरेटरच्या पातळीला किंवा किंचित वर हवं. फार वर राहिलं तर पाऊल पोचत नाही, मग कितीही सराव करा. बूट पातळ तळव्याचे. गिअरची घाई नको : आधी सरळ रेषेत जोरात ब्रेक, वेग उतरल्यावर गिअर. एवढं जमल्याशिवाय ब्रेक बायसला (पुढच्या-मागच्या ब्रेकमधल्या दाबाच्या वाटणीला) हात लावू नका.

प्रश्न : सगळ्यांच्या गाड्या सारख्याच, तरी आमची काही लॅपनंतर घसरू लागते.
– वाचक, पुणे

उत्तर : टायरचा दाब बघा. गाडी पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आल्या आल्या मोजा, थंड झाल्यावर नव्हे. आतली हवा १० अंश सेल्सिअसने तापली की दाब साधारण सव्वा ते दीड पीएसआयने चढतो. सकाळच्या गारव्यात भरलेला दाब दुपारच्या शर्यतीत म्हणूनच जास्त ठरतो. पायरोमीटरची सुई रबरात टोचून आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी तापमान घ्या. मधला भाग सर्वांत गरम असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम तर कमी. आतली कड बाहेरच्यापेक्षा फारच तापत असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) जास्त आहे. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा.

प्रश्न : चाकाला चाक लागलं की गाडी हवेत का उडते?
– वाचक, ठाणे

उत्तर : पळत्या चाकाची मागची बाजू वर जात असते, पुढची खाली. तुमचं पुढचं चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला टेकलं की दोन्ही रबरं एकमेकांना पकडतात आणि तुमचं चाक त्याच्यावर चढतं. बंद चाकांच्या गाडीत मध्ये बॉडी असते, इथे काहीच नाही. म्हणून ओव्हरटेक करताना वळणाआधीच निदान निम्मी गाडी शेजारी आणा. ते जमलं नसेल तर ब्रेक लावून मागे राहा.