जुळ्यांपैकी मुलगी भराभर वाढली, मुलगा होता तिथेच: नक्की कुणाचं बिघडलंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साडेअकरा वर्षांची जुळी, एक मुलगी आणि एक मुलगा. वर्षभरात मुलगी ८ सेंटीमीटर वाढून १४८ झाली, मुलगा ५ वाढून १४० वर. मुलीच्या एका बाजूच्या छातीत दुखरी गाठ लागते. आजी म्हणतात, मुलीचं दूध-अंडी बंद करा, नाहीतर लवकर न्हाण येईल. आणि मुलाला उंचीची पावडर सुरू करा. शिवाय ‘ती किती समजूतदार आणि हा अजून पोरकट’ हे रोजचंच.

मुलांच्या वाढीचे तक्ते भरणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून आधी निकाल सांगते. दोघांपैकी कुणाचंही बिघडलेलं नाही. मुलगा-मुलगी अशी जुळी म्हणजे दोन वेगळ्या बीजांची, साध्या बहीण-भावाइतकीच सारखी. बरोबर जन्मली म्हणून बरोबर वयात येतील, हे गृहीतच चुकीचं. ताटात मात्र तुम्ही बिघाड करायला निघाला आहात.

मुलीत वयात येण्याची पहिली खूण म्हणजे छातीची ती गाठ. ८ ते १३ या वयात ती कधीही दिसू शकते. पुष्कळदा एकाच बाजूला सुरू होते, दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. स्तनाग्राखाली गोल चकतीसारखी लागते आणि धक्का लागला की दुखते. ती दाबून बघू नका, तेल लावून चोळू नका, सोनोग्राफीच्याही मागे लागू नका. मऊ सुती स्लिप पुरते. उंचीची उसळी मुलींमध्ये या खुणेबरोबरच सुरू होते आणि भरात असताना वर्षाला ८ सेंटीमीटरच्या आसपास जाते. पाळी येते ती या सगळ्यानंतर, गाठ दिसल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांनी. तोवर उसळी ओसरायला लागलेली असते. पाळी आल्यावर सहसा ५ ते ७ सेंटीमीटरच वाढ उरते.

मुलात पहिली खूण कुणाला दिसतच नाही. वृषणं मोठी होतात, ९ ते १४ या वयात कधीतरी. आईची मुलाला आंघोळ घालायची सवय सुटलेली असते, मुलगा स्वतः सांगत नाही, मग घरात सगळे मिसरूड फुटायची वाट पाहत बसतात. आणि मिसरूड तर बरीच उशिरा येते. उंचीची उसळीही मुलात पहिल्या खुणेनंतर वर्ष-दोन वर्षांनी लागते. भर बहुतेकांचा तेरा-चौदाच्या सुमारास, वर्षाला ९ ते १० सेंटीमीटर. त्याआधी वेग उलट थोडा मंदावतो, आणि नेमकं त्याच वेळी घरचे बहिणीशी तुलना करतात.

मोठेपणी पुरुष बाईपेक्षा सरासरी १३ सेंटीमीटर उंच असतो, त्यातला निम्म्याहून अधिक फरक या उशिरामुळेच पडतो. मुलगा लहानपणच्या वेगाने आणखी दोन वर्षं वाढत राहतो आणि मग उसळी मारतो. हाडांची टोकं बंद करणारं, म्हणजे उंची थांबवणारं संप्रेरक मात्र दोघांतही एकच, इस्ट्रोजेन. मुलाचं शरीर ते टेस्टोस्टेरॉनपासून बनवतं. म्हणूनच ‘पुरुषी’ ताकदीची इंजेक्शनं किंवा व्यायामशाळेतल्या संशयास्पद पुड्या वाढत्या मुलाला दिल्या, तर आधी तो झटकन उंच होतो आणि मग कायमचा बुटका राहतो.

आता हिशोब करा. आई-वडिलांच्या उंचीची सरासरी काढा. मुलासाठी त्यात साडेसहा मिळवा, मुलीसाठी साडेसहा वजा करा. समजा वडील १६८, आई १५३. सरासरी १६०.५, म्हणजे मुलाचा अंदाज १६७ आणि मुलीचा १५४. दोन्हीकडे साधारण ८ सेंटीमीटर वर-खाली धरायचं. म्हणजे आज भावाच्या डोक्यावरून बघणारी ही मुलगी तिच्या उंचीचा मोठा टप्पा पार करून बसली आहे, आणि ज्याला तुम्ही मागे पडला म्हणता त्याचा खरा हंगाम अजून लागायचाय. यासाठी आई-वडिलांची उंची प्रत्यक्ष मोजा. लग्नाच्या बायोडाटातली धरू नका, तिथे बहुतेक वडील दोन-तीन सेंटीमीटरनी वाढलेले असतात.

मोजणंच बहुतेक घरांत चुकतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर. खाली टाइल्सची पट्टी नसलेली सरळ भिंत घ्या, नाहीतर चौकटीचा सपाट भाग. पायात काही नको. वेणी, अंबाडा, हेअरबँड सोडा. मुलींच्या नोंदीत निव्वळ केसांमुळे दोन सेंटीमीटर चढलेले सापडतात. टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकवा, गुडघे सरळ. हनुवटी वर उचलू देऊ नका: डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आलं पाहिजे. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात लावा, खालच्या कडेला पेन्सिलने खूण करा आणि स्टीलच्या टेपने जमिनीपासून मोजा. कापडी शिंप्याची टेप ताणली जाते, ती नको. तीनदा मोजा, सरासरी लिहा. सकाळी मोजलं असेल तर पुढच्या वेळीही सकाळीच. संध्याकाळपर्यंत मणक्यातल्या चकत्या दबून उंची सेंटीमीटरभर कमी भरू शकते. दर तीन महिन्यांनी नोंद करा, पण निष्कर्ष सहा महिने ते वर्षाच्या फरकावर काढा. तीन महिन्यांच्या फरकात चुकीच्या मोजणीचाच वाटा जास्त असतो.

या नोंदी भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५च्या तक्त्यावर मांडा. तो ५ ते १८ वर्षांसाठी आहे, मुलांचा वेगळा आणि मुलींचा वेगळा. दोघांची नोंद चुकून एकाच तक्त्यावर झाली, की एक जण राक्षस दिसतो आणि दुसरा कुपोषित. त्यात वजन-उंचीच्या गुणोत्तराच्या (बीएमआय) रेषाही आहेत: प्रौढांच्या २३ला जुळणारी रेषा ओलांडली की जादा वजन, २७ला जुळणारी ओलांडली की लठ्ठपणा. एकट्या ठिपक्याला फारसा अर्थ नसतो. मूल स्वतःच्याच रेषेला धरून चाललंय की रेषा सोडून खाली घसरतंय, एवढंच बघायचं.

आजींच्या सल्ल्याकडे वळू. लवकर वयात येण्याशी जास्त जवळचा संबंध आहे तो लठ्ठपणाचा, अंड्या-दुधाचा नव्हे. बिस्किटं, फरसाण, सरबतं, रात्री उशिरापर्यंत बसून खाणं यावर आजींनी हात आखडला तर माझा पाठिंबा आहे. पण उसळीच्या ऐन वर्षात प्रथिनं काढून घेणं म्हणजे भाताला कणीस धरताना पाणी तोडणं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार १० ते १२ वयात दोघांनाही दिवसाला ३२-३३ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि त्यात मुलगी मुलापेक्षा किंचित पुढेच आहे. लोहात तर मोठीच तफावत: मुलीला २८ मिलिग्रॅम, मुलाला १६. कॅल्शियम दोघांना ८५०. म्हणजे ताटं वेगळी करायचीच असतील, तर मुलीच्या ताटात जास्त वाढावं लागेल!

एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, ३० ग्रॅम कोरड्या डाळीच्या वाटीभर वरणात सुमारे ७. उरलेलं पोळी-भाकरी, उसळ, शेंगदाण्याच्या चटणीतून निघतं. पण वरण म्हणून पिवळं पाणी वाढलं तर हा हिशोब कोसळतो. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा रोज एक नाचणीची भाकरी दोघांनाही. लोहासाठी अळीव, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या, खात असाल तर मटण-कलेजी. पालेभाजीवर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा देऊ नका, तो लोह अडवतो. तासाभराचं अंतर ठेवा.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. मुलींचा आकडा मोठा म्हणून मुलांकडे दुर्लक्ष होतं, पण एकतीस टक्केही कमी नाहीत. स्नायू वाढतात तेव्हा मुलाची लोहाची गरजही चढते. सरकारी शाळांत आठवड्याला एकदा मिळणारी निळी गोळी दोघांसाठी आहे: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मुलं ती बाकाखाली टाकतात. भरल्या पोटी घ्या, चहा-दुधाबरोबर नको. शी काळी होते, घाबरू नका. जंताची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते. खासगी शाळेत हे मिळत नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि दोघांचंही हिमोग्लोबिन एकदा तपासा. साडेअकराव्या वर्षी ११.५च्या खाली म्हणजे कमी; बारा पूर्ण झाल्यावर १२च्या खाली.

पावडरीबद्दल एवढंच: डब्याची मागची बाजू वाचा. मोठा वाटा माल्ट आणि साखरेचा दिसेल. बारला लटकून हाडं लांबत नाहीत. या वयात नऊ ते बारा तास झोप मात्र खरंच लागते, दोघांनाही.

मुलाला आता काही गोष्टी वडिलांनी सांगायला हव्यात, कारण मुलीला पाळीबद्दल निदान आई सांगते, मुलाला कुणीच काही सांगत नाही. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, त्याने अशक्तपणा येत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलांच्या स्तनाग्राखाली लहानशी दुखरी चकती येते. सहा महिने ते दोन वर्षांत बहुधा आपोआप जाते. या काळात मुलगा पोहायला जायचं टाळतो, वर्गात चिडवला जातो, आणि घरी कारण सांगत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: वृषणात अचानक जोरात दुखलं, उलटी झाली, तर पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतं. लाजेने मुलगा ‘पोट दुखतंय’ म्हणतो आणि घरचे ओवा देतात. पोटदुखीच्या नावाखाली आणखी कुठे दुखतंय का, हे स्पष्ट शब्दांत विचारा.

तो गात असेल तर गुरुजींना आधीच सांगून ठेवा. मुलाचा आवाज फुटताना जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. पेटीच्या काळी चार-पाचला गाणारा मुलगा हळूहळू काळी एकच्या आसपास येतो. मुलीचाही उतरतो, पण थोडासाच. त्या महिन्यांत वरच्या पट्टीचा हट्ट धरून घसा ताणू नये.

मुलीच्या दप्तरात आतापासून एक पॅड आणि एक जादा निकर असू द्या, आणि पॅड कसं लावायचं ते एकदा करून दाखवा. पाळी आल्यावर पहिली दोन वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जात असेल किंवा दर तास-दोन तासांनी पॅड भिजत असेल तर दाखवा. भावालाही पाळी म्हणजे काय ते सांगा. घरात कळलं नाही तर तो ते वर्गातल्या टवाळांकडून शिकेल.

राहिला समजूतदारपणा. मुलगी वाढीत पुढे आहे, त्याचा थोडा परिणाम असेल. पण तिला पाणी भरायला, धाकट्यांना सांभाळायला, पाहुण्यांना चहा न्यायला बसवलंय आणि त्याला सूट दिलीय, तर तुम्ही तिचा सराव बघताय, स्वभाव नव्हे. तोच सराव त्याला तीन महिने देऊन बघा. उलट बाजूने, तिचं मैदान बंद करू नका. अकरा ते तेरा या वयात मुली खेळ सोडतात; कारण बहुधा मापाची स्पोर्ट्स ब्रा नसते, मैदानाजवळ स्वच्छतागृह नसतं, किंवा ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य. हाडांचा बहुतेक साठा अठराच्या आत भरतो आणि त्याला उड्या लागतात: दोरी, लंगडी, खो-खो, काहीही, रोज तासभर.

डॉक्टरकडे कधी जायचं? मुलीत आठच्या आत किंवा मुलात नऊच्या आत खुणा दिसल्या तर. मुलीत तेरापर्यंत छातीची वाढ नाही, पंधरापर्यंत पाळी नाही, मुलात चौदापर्यंत वृषणांची वाढ नाही, तर. आणि कुठल्याही वयात रेषा सोडून घसरण दिसली तर. इथे एक पक्षपात हमखास दिसतो: ठेंगू मुलगा वेळेत दाखवायला आणतात, ठेंगणी मुलगी ‘आईवर गेलीय, चालेल’ म्हणून राहून जाते. टर्नर सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष फक्त मुलींतच असतो आणि तो उशिरा सापडला की उंचीच्या उपचाराची वर्षं निघून जातात.

जाताना जुन्या नोंदी न्या. शाळेच्या आरोग्यपत्रकातल्याही चालतील. आईची पहिली पाळी कितव्या वर्षी आली ते आठवून ठेवा. वडील कधी वाढले हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही, तेव्हा त्यांचे आठवीचे आणि दहावीचे वर्गाचे फोटो शोधा. आठवीत पुढच्या रांगेत बसलेले आणि दहावीत मागे उभे असतील, तर मुलाच्या उशिराचं कारण बहुधा तिथेच सापडेल.