दापोलीहून फ्रेझ्नोला: कम्युनिटी कॉलेजात वनशास्त्र शिकावं का?

तू विचारलंयस की दापोलीहून बी.एस्सी. वनशास्त्र झालंय, नवरा एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोला आहे, जानेवारीत तू एच-४वर (त्याच्या बायकोच्या व्हिसावर) येतेयस. तर इथल्या कम्युनिटी कॉलेजात वनशास्त्राचा दोन वर्षांचा कोर्स करून फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये नोकरी लागेल का? मीही दापोलीचीच, तुझ्या बऱ्याच आधीची, म्हणून अगं-तुगं करते.

नोकरीचं आधी सांगते, कारण मला ते फार उशिरा कळलं. फॉरेस्ट सर्व्हिस आणि नॅशनल पार्क सर्व्हिस ही केंद्र सरकारची खाती. तिथे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, उन्हाळ्यातल्या हंगामी कामालासुद्धा. आमच्या समुपदेशकांनी सांगितलं होतं की उन्हाळ्यात सगळ्यांना काम मिळतं. वर्गातल्या बाकीच्यांना मिळालंही. तीन सेमिस्टर झाल्यावर मी अर्ज भरायला बसले आणि नागरिकत्वाच्या प्रश्नाशीच अडकले. त्या रात्री खूप रडले. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

एच-४वर शिकायला पूर्ण मोकळीक आहे, पगाराच्या कामाला नाही. त्यासाठी ईएडी (काम करायचा परवाना) लागतं, आणि ते साधारणपणे नवऱ्याचा आय-१४० (ग्रीनकार्डासाठी त्याच्या कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच मागता येतं. तेव्हा त्याची ग्रीनकार्डाची फाइल कुठवर आली आहे, हे आजच विचारून घे. ईएडी हातात आलं की खाजगी लाकूड कंपन्या, सल्लागार फॉरेस्टर, विजेच्या तारांजवळची झाडं तपासणाऱ्या कंपन्या यांची दारं उघडतात. मी सल्लागार फॉरेस्टरकडेच काम करते. कॅलिफोर्नियात स्वतःच्या सहीने तोडणीचा आराखडा द्यायचा तर फॉरेस्टरचा परवाना काढावा लागतो. त्याला ७ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली ४ वर्षं वनशास्त्राच्या पदवीपोटी धरता येतात.

इतकं सांगूनही माझं म्हणणं आहे, कोर्स कर. आपली पदवी चांगली आहे, पण तिच्यात ही झाडं नाहीत. फ्रेझ्नोजवळ रीडली कॉलेजात वनशास्त्राचा विभाग आहे. उत्तरेकडे सोनोराचं कोलंबिया कॉलेज आहे, युरेकाचं कॉलेज ऑफ द रेडवुड्स आहे, पण तुला रीडलीच सोयीचं. प्रवेशाची स्पर्धा नाही, १८ वर्षं पूर्ण असली की घेतात. पदवीच हवी असा हट्ट धरू नकोस, लागतील तेवढेच विषय घे.

फीचं मात्र नीट समजून घे. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरमध्ये होतो. बाहेरच्याला तोच विषय कित्येक पट महाग. रहिवासी ठरायला सेमिस्टर सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचा पुरावा लागतो. एफ-१वाल्यांना (विद्यार्थी व्हिसावाल्यांना) हे करता येत नाही, एच-४वाल्यांना येतं. उतरल्याबरोबर तुझ्या नावाने बँक खातं उघड, लायसन्स काढ, घराच्या करारात नाव घाल. पहिल्या वर्षी एखादाच विषय घे आणि गाडी शिक. लॅब म्हणजे डोंगरात जाणं, तिथे बस येत नाही.

पहिला विषय वृक्षओळखीचा घे. सुरुवातीला सगळे पाइन सारखेच दिसतात. मग बोटांना कळायला लागतं: पोंडेरोसाच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात, शुगर पाइनच्या पाच-पाचच्या. पोंडेरोसाचा शंकू मुठीत धरला की टोचतो, जेफ्रीचा टोचत नाही. पॉइझन ओकची तीन पानं मात्र पहिल्याच दिवशी पाठ कर. तो आपल्या बिब्ब्याच्याच कुळातला आहे आणि तसाच अंगावर उततो. लहानपणी बिब्बा उतलेला असेल तर तुला वेगळं सांगायला नको.

मोजणीत तुझा हात लगेच बसेल. छातीची उंची इथे साडेचार फूट, म्हणजे आपलेच १.३७ मीटर. फक्त आपण घेर लिहितो, ते व्यास लिहितात; टेपवर थेट व्यासाचेच आकडे छापलेले असतात.

आगीच्या वर्गाने मला सगळ्यात जास्त बदललं. आपण जाळरेषा काढतो ती वणवा अडवायला. आग म्हणजे जंगलाची वैरीण, एवढंच मनात घेऊन मी आले होते. इथे कळलं की जायंट सिक्वोयाचे शंकू आगीच्या धगीने उघडतात आणि बी रुजायला पालापाचोळा जळून उघडी पडलेली माती लागते. इथले आदिवासी हजारो वर्षं जंगल थोडंथोडं जाळत आले होते. ते बंद पाडून शंभरेक वर्षं प्रत्येक आग विझवली गेली, जंगल दाट झालं. त्यात २०१२ ते २०१६चा दुष्काळ आणि सालीतले भुंगेरे, राज्यात १० कोटींहून जास्त झाडं वाळली. २०२०च्या क्रीक फायरमध्ये तुझ्या फ्रेझ्नोच्याच डोंगरात ३,७९,८९५ एकर जळाले. ते काळे बुंधे पाहशील तेव्हा पोटात कालवेल. हातात ड्रिप टॉर्च (जळतं तेल थेंबाथेंबाने सांडणारी मशाल) घेऊन स्वतः आग लावायला मी घाबरले होते. आता हे काम मला पेरणीइतकंच गरजेचं वाटतं. आगीच्या पथकात जायचं तर पाठीवर ४५ पौंड घेऊन ३ मैल ४५ मिनिटांत चालून दाखवावं लागतं, धावायचं नाही. ती तयारी दापोलीच्या चढावर आत्ताच सुरू कर.

गुणपत्रकांच्या सीलबंद प्रती आणि अभ्यासक्रमाची छापील प्रत सोबत आण, इथून मागवायला महिने जातात.

आणि एक. इथे जंगलातलं अंतर अजून साखळीत मोजतात, ६६ फुटांची एक. एक चौरस साखळी म्हणजे बरोब्बर आपले चार गुंठे. घराच्या अंगणात ६६ फूट दोरी ताणून त्यात तुझी जोडपावलं (दोन पावलं मिळून एक) किती पडतात ते मोजून वहीत लिहून आण, म्हणजे पावलांवरून साखळी मोजता येईल. माझी तेरा पडतात.