‘सॉर्टेड सेट’ला मराठीत काय म्हणावे?

जावा ही प्रोग्रामिंग भाषा मराठीतून शिकवणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: ‘सॉर्टेड सेट’साठी, म्हणजे घटक कायम ठरावीक लहानमोठ्या क्रमाने ठेवणाऱ्या संचासाठी, क्रमिक संच, वर्गीकृत संच, क्रमित संच आणि क्रमवारी लावलेला संच हे चार पर्याय वाचनात आले, यांतला कोणता घ्यावा?

मी यांतला एकही घेणार नाही. ‘क्रमवार संच’ म्हणेन.

‘क्रमिक’ म्हटले की मराठी माणसाला क्रमिक पुस्तकेच आठवतात, त्यामुळे तो लगेच बाद. ‘वर्गीकृत’ हा इंग्रजी शब्दाच्या दुसऱ्याच अर्थावरून आला आहे. टपाल गावागावांप्रमाणे वेगळे करणे हेही सॉर्टिंगच, पण सॉर्टेड सेट घटकांचे गट पाडत नाही.

‘क्रमित’वर मात्र थांबायला हवे, कारण हा शब्द गणितात आधीच कामाला लागलेला आहे. (७, ३) ही क्रमित जोडी आहे. इथे ७ आधी का, तर तो आधी लिहिला म्हणून. लहानमोठेपणाचा संबंध नाही. जावातल्या संचांच्या प्रकारांतही हा भेद आहे. ७, ३, ५ याच क्रमाने टाका: लिंक्डहॅशसेट ते ७, ३, ५ असेच परत देतो, ट्रीसेट, म्हणजे जावातला सॉर्टेड सेट, ३, ५, ७ असे देतो, आणि साधा हॅशसेट क्रमाची कसलीच हमी देत नाही. म्हणून ‘क्रमित’ हा शब्द ‘ऑर्डर्ड’साठी, म्हणजे लिंक्डहॅशसेटच्या वर्णनासाठी राखून ठेवावा. तो इथे खर्च केला तर हा फरक सांगायला शब्द उरत नाही.

राहिला ‘क्रमवारी लावलेला संच’. ‘लावलेला’मुळे वाटते की एकदा लावून झाले, संपले. ट्रीसेटमध्ये तसे नसते. आत रेड-ब्लॅक ट्री ही झाडासारखी, स्वतःचा तोल सांभाळणारी रचना असते आणि प्रत्येक नवा घटक येतानाच आपल्या जागी बसतो. शिवाय ‘क्रमवारी’ने माझ्या मते मोठाच घोटाळा होतो. क्रमवारीत दोघे संयुक्त तिसरे येऊ शकतात, क्रमवार संचात नाही! समजा, विद्यार्थ्यांचा ट्रीसेट केला आणि कम्पेअरेटर, म्हणजे दोन घटकांची तुलना करणारा कोड, फक्त गुण पाहतो. शिल्पाला ८२, ती आत गेली. मंदारलाही ८२. आता घटक आत टाकणाऱ्या ‘ॲड’ने ‘फॉल्स’ (म्हणजे ‘नाही’) परत केले, एरर आली नाही, आणि मंदार यादीत नाही. तुलनेचे उत्तर शून्य आले की ट्रीसेटच्या लेखी दोन्ही घटक एकच. दोन वस्तू समान आहेत का हे सांगणाऱ्या ‘ईक्वल्स’ला तो विचारतच नाही. बिगडेसिमल या दशांश संख्यांच्या प्रकारातले १.० आणि १.०० हॅशसेटमध्ये दोन राहतात, ट्रीसेटमध्ये एकच, तेही याच कारणाने. उपाय सोपा आहे: गुणांनंतर हजेरी क्रमांकाचीही तुलना करावी.

‘संच’ या शब्दाबद्दलही वर्गात दोन वाक्ये बोलावीत. कपांच्या संचात सहाही कप एकसारखे असतात. गणितातल्या संचात एक घटक एकदाच. ‘संच’ बदलू नका, शाळेपासून उपसंच, रिक्त संच त्याच अर्थाने रुळले आहेत.

मेथडची, म्हणजे संचावर करायच्या क्रियांची, नावे भाषांतरित करू नयेत, कारण कोडमध्ये तीच लिहायची आहेत. अर्थ मात्र मराठीत नेमका सांगावा. ‘फ्लोअर’ म्हणजे दिलेल्या किमतीइतका किंवा त्याहून लहानांपैकी सर्वांत मोठा घटक. ‘लोअर’मध्ये ‘इतका’ चालत नाही. दोन टोके दिलेल्या ‘सबसेट’ला ‘३ पासून ७ पर्यंत’ म्हणू नका, आपल्या ‘पर्यंत’मध्ये ७ धरला जातो. ‘३ पासून ७ च्या आधीपर्यंत’ म्हणावे. जावा ६ मधल्या नॅव्हिगेबलसेट या सॉर्टेड सेटच्या विस्तारामुळे टोक धरायचे की नाही हे स्वतः सांगता येते.

एक गोष्ट मराठी शब्दच घेऊन शिकवा. काळा, कावळा, कासव, काहूर हे शब्द ट्रीसेटमध्ये टाकले की याच क्रमाने मिळतात. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, आणि स्ट्रिंगचा (म्हणजे मजकुराचा) मूळचा क्रम त्या क्रमांकांवरूनच ठरतो. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, म्हणून ‘काळा’ शेवटी हवा. त्यासाठी आपला कम्पेअरेटर लिहून तो ट्रीसेट तयार करतानाच द्यावा लागतो. नंतर बदलता येत नाही.